पहिलाच गुन्हा आहे हो, सोडून देतील ना?

मागच्या अंकात शेवटी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की अमेरिकेत पहिल्यांदा गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला पूर्ण खटला न चालवता 'डायव्हर्जन' नावाच्या वाटेने बाहेर काढतात, आपल्याकडे काय आहे ते पुन्हा कधीतरी. झालं. पत्रं, मेल, संपादकांच्या व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट्स, एक तर साडेसहा मिनिटांची. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "मॅडम, पहिल्यांदाच झालंय." म्हणून या वेळी घटस्फोट आणि सातबारा बाजूला ठेवलाय, सगळी उत्तरं याच विषयावर. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एमएस करतोय, एडिसनजवळ राहतो. एका मोठ्या दुकानात सेल्फ चेकआउटला काही वस्तू स्कॅन न करताच पिशवीत टाकल्या, सगळ्या मिळून ६८ डॉलरच्या. चुकून झालं म्हणतो, मला खरं वाटत नाही. आता म्युनिसिपल कोर्टाची तारीख आलीय. तिथले आपले एक ओळखीचे म्हणतात की 'कंडिशनल डिसमिसल' घे, वर्षभर नीट वाग, केस रद्द होते, त्यांच्या पुतण्याने घेतलं होतं. घेऊ दे का? — एक आई, डोंबिवली

ताई, आधी एक सांगते, रागावू नका. तुम्हाला खरं वाटत नाही हे ठीक आहे, पण नक्की काय झालं ते त्याच्याकडून मेसेजवर लिहून मागवू नका आणि फॅमिली ग्रुपवर तर अजिबातच नको. त्याने जे काही सांगायचं ते त्याच्या वकिलाला, तोंडी.

आता त्या ओळखीच्यांचा सल्ला. ते खोटं सांगत नाहीयेत, फक्त त्यांचा पुतण्या बहुतेक अमेरिकन नागरिक असणार आणि तुमचा मुलगा स्टुडंट व्हिसावर आहे, एवढा एकच फरक आहे आणि तोच सगळा फरक आहे. डायव्हर्जनची कल्पना मुळात चांगली. १९६०च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंटला आणि मग न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये हे प्रयोग सुरू झाले, कारण तिथल्या कोर्टांत किरकोळ केसेसचा ढीग आणि एकदा शिक्कामोर्तब झालं की पोराला नोकरी मिळणं बंद. मग ठरवलं की पहिल्यांदा सापडलेल्याला खटल्याच्या रस्त्यावरून जरा बाजूला वळवायचं, समुपदेशन, समाजसेवा, नुकसानभरपाई, काही महिने देखरेख, सगळं नीट पार पाडलं तर केस काढून टाकायची. हायवेवर काम चालू असताना पिवळ्या पाटीवर बाण असतो ना, तेच डायव्हर्जन. पण प्रत्येक राज्याचा रस्ता वेगळा आणि काही रस्त्यांच्या तोंडाशीच टोलनाका आहे, तिथे 'गुन्हा कबूल' असं म्हटल्याशिवाय आत सोडत नाहीत.

न्यू जर्सीचंच बघा. दुकानातल्या चोरीचा माल २०० डॉलरच्या आत असेल तर ती म्युनिसिपल कोर्टाची केस, जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि हजार डॉलर दंड, आणि पहिल्या वेळी शिक्षा झालीच तर निदान दहा दिवस समाजसेवा कायद्यानेच सक्तीची. या कोर्टात कंडिशनल डिसमिसल नावाची सोय २०१४ पासून आहे, ७५ डॉलर अर्जाची फी, एक वर्षाची देखरेख. पण त्यात शिरायला आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा कोर्टाने दोषी ठरवावं लागतं, मग जज शिक्षेचा निकाल लिहायचं थांबवून ठेवतात आणि वर्ष नीट गेलं की केस डिसमिस. राज्याच्या कायद्यात तो निर्दोष राहिला. छान. पण इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, आणि त्याने १९९६ साली 'शिक्षा झाली' म्हणजे काय याची स्वतःची वेगळी व्याख्या करून ठेवलीय : माणसाने गुन्हा कबूल केला किंवा पुरेशी हकिगत मान्य केली, आणि जजने त्याच्यावर कसलंही बंधन, दंड, देखरेख घातली, की झाली शिक्षा. पुढे केस रद्द झाली काय, रेकॉर्ड पुसलं काय, इमिग्रेशनवाल्यांच्या वहीत ती शिक्षाच. म्हणजे तुमचा मुलगा वर्षभर शहाण्यासारखा वागून कोर्टातून टाळ्या घेऊन बाहेर येईल आणि व्हिसाच्या खिडकीवर चोर ठरेल.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, माल २०० डॉलरचा किंवा जास्तीचा असता तर केस वरच्या कोर्टात गेली असती, गुन्हा मोठा, पण तिथे 'प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन' ही जुनी डायव्हर्जनची सोय आहे आणि तिच्यात सर्वसाधारणपणे कबुली द्यावी लागत नाही. मोठ्या गुन्ह्याला सुरक्षित दार आणि छोट्याला फसवं. कायदे लिहिणाऱ्यांनी मुद्दाम केलं असं नाही, दोन कायदे दोन टोकांनी लिहिले गेले आणि मधे परदेशी पोरं सापडली. टेक्सासच्या 'डिफर्ड ॲडजुडिकेशन'मध्येही हाच खड्डा आहे. कॅलिफोर्नियाने मात्र हे ओळखून २०१८ पासून आपल्या अमली पदार्थांच्या डायव्हर्जनमधली कबुलीची अट काढून टाकली.

मग करायचं काय? तारखेला हजर राहायचं हे नक्की, चुकवली तर वॉरंट निघतं आणि ६८ डॉलरच्या भानगडीला नवीन शेपूट फुटतं. पण पहिल्या तारखेला काहीही कबूल करायचं नाही, वकील करायला मुदत मागायची, ती मिळते. वकील दोन कामं जाणणारा हवा, फौजदारी आणि इमिग्रेशन, किंवा दोघांनी एकमेकांशी बोललेलं हवं. तिथल्या सुप्रीम कोर्टाचा २०१० चा पॅडिला विरुद्ध केंटकी म्हणून निकाल आहे, त्या माणसाला त्याच्या वकिलाने सांगितलं होतं की तू इतकी वर्षं इथे राहतोयस, व्हिसाबिसाची काळजी करू नकोस, आणि कबुली दिल्यावर त्याला देशाबाहेर काढायची प्रक्रिया सुरू झाली. कोर्ट म्हणालं, कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतात हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा मुलाने वकिलाला सरळ विचारावं : यात मी कोर्टासमोर काय कबूल करतोय, आणि माझ्या व्हिसाला ते कसं दिसेल? उत्तर लेखी घ्यावं. सरकारी वकिलाशी बोलून आरोप बदलून घेणं, पुरावा तपासून केस काढून टाकायला लावणं अशा वाटा असतात, कुठली चालेल ते केसचे कागद बघूनच कळतं.

घाबरून जाऊ नका, एकाच किरकोळ गुन्ह्यासाठी इमिग्रेशन कायद्यात थोडी सूट आहे : त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा वर्षाच्या वर नसावी आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त सुनावलेली नसावी. पण ती सूट एकदाच मिळते, आणि तीही आधीच खर्च करायची की नाही हे वकिलाने ठरवू दे. दिवाळीला यायचं तिकीट काढलं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय निघू देऊ नका. व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी अटक झाली होती का' असा प्रश्न असतो, 'शिक्षा झाली का' एवढाच नाही, आणि तिथे 'नाही' लिहिणं हा नवा आणि मोठा गुन्हा. केस संपली की कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत चार-पाच काढून ठेवायला सांगा, पुढची दहा वर्षं लागेल.

प्रश्न : भाचा २० वर्षांचा आहे, आयटीआय केलंय. मित्राच्या नादाने एसटी स्टँडवर एकाचा मोबाईल उचलला, किंमत १२ हजार, पकडला गेला, मोबाईल परत मिळाला, आता जामिनावर आहे. आपल्याकडे हे डायव्हर्जन नाही का? — मामा, सांगली जिल्हा

नाही. सज्ञान माणसासाठी त्या अर्थाने नाही, म्हणजे खटल्याच्या आधीच सरकारी वकील म्हणतोय की तू कोर्स कर आणि जा, असं काही आपल्याकडे नाही. पण रिकामा हातही नाही. आपल्याकडे १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, वकील मंडळी त्याला 'प्रोबेशन ॲक्ट' म्हणतात, आणि माझ्या मते आपल्या कोर्टांतला हा सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला कायदा आहे, कारण आरोपीचा वकील तो मागायला विसरतो. खरंच विसरतो. निकाल 'दोषी' असा आला की वकिलाचं तोंड उतरतं, जज विचारतात शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, आणि हे म्हणतात "घरात म्हातारी आई आहे, दया व्हावी". अहो, दया कसली मागता, कलम मागा!

त्याच्या कलम ३ खाली चोरीसारख्या गुन्ह्यात आधी शिक्षा न झालेल्याला कोर्ट नुसती ताकीद देऊन सोडू शकतं. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, पाहिजे तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. आणि कलम ६ तर तुमच्या भाच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, २१ पूर्ण न झालेल्याला कोर्टाने शक्यतो तुरुंगात पाठवायचंच नाही, पाठवायचं असेल तर का ते लिहायचं आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. अडचण अशी की वय बघतात ते कोर्ट निकाल देतं त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. तो आज २० चा आहे आणि आपल्या कोर्टांचा वेग तुम्हाला माहीत आहे. तेव्हा 'तारीख पे तारीख' तुमच्या फायद्याची नाही, केस लवकर चालवा म्हणून वकिलाच्या मागे लागा.

जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, पाच हजारांच्या आतल्या चोरीत पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा फक्त समाजसेवा, असंही आलंय. तुमचा मोबाईल १२ हजारांचा, सात हजारांनी हुकलं.

पण मामा, मी तुमच्या जागी असते तर परिवीक्षेच्या आधी दुसरीच गोष्ट बघितली असती. परिवीक्षेत भाचा तुरुंगात जात नाही, पण दोषी ठरतो. तो ठपका राहतो. आणि चोरीचा गुन्हा असा आहे की ज्याची वस्तू गेली तो मालक तडजोड करू शकतो. मोबाईल मिळालेला आहे. तो माणूस कोर्टात येऊन म्हणाला की माझी तक्रार नाही, तर कायद्याने त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच. त्याच्याकडे जा, पण एकट्या भाच्याला पाठवू नका, आणि गावातले चार दांडगे घेऊन तर अजिबात जाऊ नका, ती धमकी ठरते आणि जामीन जातो. वकिलामार्फत जा. माझ्याकडच्या एका केसमध्ये असंच झालं, फिर्यादी म्हणजे कॉलेजची मुलगी, तिचे वडील आधी दार उघडेनात. शेवटी मुलाची आई गेली, वकिलाबरोबर, चहा नको म्हणाली, नुसतं म्हणाली की तुमच्या पोरीला त्या दिवशी किती भीती वाटली असेल ते मी विचारायला आलेय. केस त्या महिन्यात मिटली. लोक अदालतीतही अशा तडजोडी होतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

प्रश्न : २०२१ ला गणपती विसर्जनात मंडळात भांडण झालं, पोलिसांनी बारा जणांना उचललं, दुसऱ्या दिवशी कोर्टात पाचशे दंड भरला आणि केस संपली. आता पोलीस भरतीत लेखी आणि मैदानी दोन्ही निघालं. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना आहे. सगळे मित्र म्हणतात 'निरंक' लिही, किरकोळ आहे. — एक उमेदवार, बीड

भाऊ, 'निरंक' लिहू नकोस. हे उत्तर इथेच संपलं असतं तरी चाललं असतं.

पण तू लिहिलंस ते 'दंड भरला आणि केस संपली' हे वाक्य मला डोक्यात बसलंय, कारण ते मी वीस-बावीस वर्षं ऐकतेय. कोर्टात सकाळी अकराच्या सुमाराला किरकोळ केसेसची रांग असते, पत्त्यांचे डाव, फुटपाथवर गाडी, रात्री आरडाओरडा. कोर्टातला पोलीस आधीच सांगून ठेवतो "साहेबांनी विचारलं की हो म्हणायचं". नाव पुकारतात, साहेब मान वर न करता विचारतात, "गुन्हा कबूल?" हा म्हणतो "हो". चार सेकंद. पाचशे रुपये, पावती, आणि भीक नको पण कुत्रं आवर म्हणून पोरगा हुश्श करून बाहेर. ती पावती काही जण फोनच्या कव्हरमागे घडी करून ठेवतात, जणू काही मिळवलंय. त्या पावतीचा अर्थ असा आहे की तू गुन्हा कबूल केलास आणि तुला शिक्षा झाली. दंड ही शिक्षाच असते. त्या चार सेकंदांत 'कबूल नाही' म्हणाला असतास तर केस चालली असती, चार हेलपाटे पडले असते, आणि अशा केसमध्ये साक्षीदार येतात की नाही ते देव जाणे. पण हे तेव्हा कुणी सांगत नाही. तुझा दोष नाही.

आता पुढचं. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध केंद्र सरकार हा निकाल लक्षात ठेव. त्याचा मथितार्थ, नोकरीच्या फॉर्मवर खरी माहिती द्यायची. लपवलीस तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. खरं सांगितलंस तर नोकरी देणारा गुन्ह्याचं स्वरूप बघून ठरवतो, आणि तरुणपणातला किरकोळ गुन्हा असेल तर तो दुर्लक्ष करू शकतो. पोलीस भरतीत पडताळणी करणारे कोण? पोलीसच. त्यांच्याच स्टेशनच्या नोंदवहीत जे आहे ते तू त्यांच्यापासून लपवणार आहेस का, सांग बघू.

कोर्टाच्या नक्कल विभागात जा, केस नंबर आणि तारीख दे, निकालाची प्रमाणित प्रत काढ. फॉर्मवर कलम, दंडाची रक्कम, तारीख, कोर्टाचं नाव असं स्वच्छ लिही आणि प्रत जोड. जोडीला अर्ध्या पानाचं पत्र, मंडळाचं भांडण होतं, कुणाला दुखापत नव्हती, त्यानंतर काही नाही. रडगाणं नको. निवड नाकारली तर आदेश लेखी माग, त्याला आव्हान देता येतं. आणि कुणी तुला सांगेल की परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेची अपात्रता लागत नाही, तर ते परिवीक्षेवर सुटलेल्यांसाठी आहे, तू दंड भरलायस. शिवाय त्या कलमाने दोषी ठरल्याचं पुसलं जात नाही, नोकरी देणारा मूळ वागणूक बघून निर्णय घेऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय.

प्रश्न : मुलगी पुण्यात शिकते, वय २१. हॉस्टेलबाहेर मित्रांबरोबर पोलिसांनी पकडलं, तिच्या बॅगेत आठ ग्रॅम गांजा. जामीन झालाय. एक वकील म्हणाले की व्यसनी असल्याचं सर्टिफिकेट आणा, केसच राहणार नाही. हे खरं आहे का? ती व्यसनी नाही हो! — आई, नाशिक

ताई, अर्धं खरं आहे. एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४-अ म्हणून आहे आणि आपल्या कायद्यात सज्ञान माणसासाठी खऱ्या डायव्हर्जनच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल आणि पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मधेच सोडले तर ही सवलत काढून घेता येते. एका हिंदी सिनेनटाला २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झाली होती, त्याला याच कलमाखाली मुंबईच्या विशेष कोर्टाने २०१२ मध्ये मोकळं केलं. अकरा वर्षं लागली, तेही लक्षात घ्या.

गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आहे, त्यामुळे आठ ग्रॅम म्हणजे सगळ्यात खालची पायरी, कमाल एक वर्ष किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. म्हणून घाईत टोकाला जाऊ नका. ती व्यसनी नसेल तर तसं खोटं सर्टिफिकेट आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खोटा कागद कोर्टात दिला हा वेगळा गुन्हा, आणि उद्या तिच्या वैद्यकीय नोंदीत तो शब्द कायमचा. पण मला एक विचारू द्या, 'ती व्यसनी नाही' हे तुम्ही सांगताय की तिने सांगितलंय? कारण महिनाभरात कितीदा ओढते हे आईला कळायला हॉस्टेलची भिंत आडवी येते. आधी तिला घेऊन एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, कोर्टासाठी नाही, तिच्यासाठी. डॉक्टर म्हणाले की उपचारांची गरज आहे तर ६४-अ चा अर्ज प्रामाणिकपणे करता येईल. नाही म्हणाले तर वकिलाला जप्तीचा पंचनामा, नमुना कसा घेतला, महिला पोलीस होती का, हे सगळं तपासू द्या, या कायद्यात कार्यपद्धतीला फार महत्त्व आहे.

आणि दंड भरून मोकळं व्हायचा सल्ला कुणी दिला तर वर बीडच्या मुलाला काय लिहिलंय ते वाचा. तुमच्या बाबतीत तर आणखी एक, या कायद्यात सज्ञान आरोपीला परिवीक्षेचा फायदा बहुतेक गुन्ह्यांत मिळत नाही, सेवनाचं कलम २७ हा त्यातला अपवाद आहे. म्हणून चार्जशीटमध्ये नुसतं 'बाळगल्याचं' कलम आहे की 'सेवनाचं', हे बघायला सांगा.

प्रश्न : पुण्यात २०२४ मध्ये भरधाव गाडीने दोघांचा जीव गेला आणि पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून सोडलं. हेच का तुमचं डायव्हर्जन? — एक संतप्त वाचक, ठाणे

राग समजू शकते. कल्याणीनगरचं ते प्रकरण वाचून मलाही जेवण गेलं नव्हतं. पण तो निबंध शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, आणि राज्यभर ओरड झाल्यावर त्याच बाल न्याय मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, पुढे हायकोर्टाने जून २०२४ मध्ये तिथून सोडलं. तो आदेश वाईट होता असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्या एका आदेशावरून सगळी व्यवस्था मोडीत काढू नका, कारण डायव्हर्जन हा शब्द आपल्या देशात कुठे कायद्यात लिहिलेला असेल तर तो २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच, मूलभूत तत्त्वांमध्ये. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, किरकोळ प्रकरणात एफआयआर न करता डायरीत नोंद, मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजसेवक, त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि ताकीद, समुपदेशन, समाजसेवा अशा वाटा. सायकल चोरणारा, शाळेत मारामारी करणारा, बापाची बाईक घेऊन पळणारा पोरगा यातून नीट बाहेर येतो आणि सर्वसाधारणपणे त्याचं रेकॉर्डही नंतर नष्ट करतात. त्याची बातमी होत नाही इतकंच.

प्रश्न : नवरा १४ महिने कच्च्या कैदेत आहे. कारखान्यातल्या भंगार चोरीची केस, कलमाला कमाल तीन वर्षं म्हणे. आधी काही गुन्हा नाही. जामीन झाला पण १५ हजारांचा जामीनदार मिळत नाही. वकिलाने फोन घेणं सोडलंय. — सोलापूर

ताई, हे पत्र मी सगळ्यात आधी उत्तर देऊन पोस्टाने पाठवलं, इथे बाकीच्यांसाठी छापतेय.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. ज्याला आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. तीन वर्षांचं एक तृतीयांश म्हणजे १२ महिने, तुमचे मिस्टर १४ महिने आत आहेत. जुन्या केसेसनाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय. आणि मुख्य म्हणजे अर्ज तुम्हीच करायला पाहिजे असं नाही, कोर्टाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. एकच बघा, त्यांच्यावर एकाहून जास्त केसेस किंवा जास्त गुन्हे लावलेले असतील तर ही सवलत अडते, म्हणून चार्जशीट हातात घ्या आणि कलमं मोजा.

१५१०० या नंबरवर फोन करा, विधी सेवेची हेल्पलाइन आहे. कैदेत असलेल्याला आणि बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. मुलाखतीला जाल तेव्हा मिस्टरांना सांगा, तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात '४७९' एवढा आकडा सांगायचा. आणि कुणी म्हणालं की गुन्हा कबूल कर, भोगलेली शिक्षा धरून आजच सुटशील, तर मोह होईल, घरी दोन लेकरं आहेत, मला कळतं. पण आधी ४७९ चा अर्ज लावा, कबुली पळून जात नाही. शिक्षेबाबत वाटाघाट, ज्याला प्ली बार्गेनिंग म्हणतात, तीही अशीच, पहिल्या वेळेच्या आरोपीला शिक्षा कमी होते पण शेवटी तो दोषी ठरूनच बाहेर पडतो, आणि आता तर आरोप ठेवल्यापासून ३० दिवसांतच अर्ज करावा लागतो.

प्रश्न : आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात जायचंय, आरोपी म्हणून. सोसायटीतल्या पार्किंगचं भांडण. काय न्यावं, काय घालावं? हसू नका. — वय ६३, कल्याण

हसत नाही काका. साधा शर्ट-पँट, चप्पल चालेल. आधार कार्डाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, जामीनदाराचं रेशनकार्ड आणि घरपट्टीची पावती, दोन पासपोर्ट फोटो, रक्तदाबाची गोळी. फोन बंद, नुसता सायलेंट नाही, कारण नेमकं साहेब बोलत असताना नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. साडेदहाला पोचा, नंबर चारला लागला तरी साडेदहालाच. "गुन्हा कबूल आहे का" असं विचारलं तर वकिलाकडे बघा, बायकोकडे नाही. आणि डबा न्या, कँटीनचा वडा तुमच्या वयाला झेपणार नाही.